संत्र्याच्या पानावरची अळी आणि तिच्या आईकडची वही

शेंदूरजना घाटच्या बाजूला माझ्या मामांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. पावसाळ्यात जंभेरीच्या, म्हणजे ज्यांवर संत्र्याचं कलम बांधतात त्या रोपांना कोवळी नवती फुटली, की पानांवर पाखराची शिट पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसू लागतात. ठिपका सरकला की समजायचं, अळी आहे. थोडी मोठी झाली की ती कात टाकून हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. लहान रोपाची पानं ती बघता बघता फस्त करते, म्हणून कामावरच्या बाया सकाळीच या अळ्या वेचून टाकतात.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या सहा अळ्या मी डब्यात मागितल्या, तेव्हा मामा म्हणाले, "काहून रे, लोकं अळ्या मारून राह्यले अन् तू पोसून राह्यला?"

"मामा, मला तिच्या मायटोकाँड्रियाचा जीनोम वाचायचा आहे," हे वाक्य धुऱ्यावर उभं राहून म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं. मग दोन-तीन संध्याकाळी खाटेवर बसून मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सावकाश लिहितो.

ही अळी लिंबावरच्या फुलपाखराची. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस. पिवळसर ठिपक्यांचं, शेपूट नसलेलं काळं फुलपाखरू. संत्रा, लिंबू, मोसंबी, कढीपत्ता, बेल असं काहीही दारात असेल तर तुम्ही ते पाहिलेलं आहे. त्याच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत दोन ठिकाणी डीएनए असतो. एक केंद्रकात. ते मोठं दप्तर. याच पॅपिलिओ घराण्यातल्या ज्या फुलपाखरांचं ते दप्तर वाचून झालंय, त्यातल्या काहींत २२ ते २५ कोटी अक्षरं आढळली. अक्षरं मात्र चारच: ए, टी, जी आणि सी. दुसरा डीएनए असतो मायटोकाँड्रियात. शाळेच्या पुस्तकात तिला तंतुकणिका म्हटलंय. साखरेतून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा काढायचं काम तिचं, आणि त्या कामापुरती तिची स्वतःची वेगळी छोटी वही असते. तीच तिचा जीनोम. फुलपाखरांत ही वही साधारण १५,००० अक्षरांची भरते. मोठ्या दप्तराच्या पंधरा-सोळा हजाराव्या हिश्शाएवढी.

वही म्हणतोय खरा, पण तिला पहिलं पान नाही की शेवटचं नाही. हा डीएनए बांगडीसारखा गोल असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुद्द्याचं. ही वही फक्त आईकडून येते. नराच्या शुक्राणूतल्या मायटोकाँड्रिया पुढच्या पिढीत जवळजवळ कधीच टिकत नाहीत. अंड्यातल्या तेवढ्या टिकतात. म्हणजे अळीची वही तिच्या आईची, आईची वही आजीची, आजीची पणजीची. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना लगेच भाट आठवला. आमच्याकडे दर काही वर्षांनी भाट यायचा आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा. बापाचा बाप, त्याचा बाप. त्यात बायांची नावं नसायचीच. मायटोकाँड्रियाचा भाट याच्या बरोबर उलटा. तो फक्त बायांच्या पिढ्या सांगतो, पुरुषांचं नावच घेत नाही. मामांना स्वतःच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत. आजीची आई कुठल्या गावची, असं विचारलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "नरखेडकडची असंल."

फुलपाखरांत यात आणखी एक गंमत आहे. आपल्यात मुलगा की मुलगी हे बापाकडच्या गुणसूत्रावर ठरतं. फुलपाखरांत ते आईकडून ठरतं: मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं, नराकडे दोन्ही झेड. त्यामुळे डब्ल्यू गुणसूत्र आणि ही छोटी वही दोघंही आईकडून लेकीकडे एकाच गाडीत बसून प्रवास करतात. लेकाला वही मिळते, पण त्याच्यापाशी ती संपते.

वही मिळवायची कशी? पहिला प्रयत्न मी वाया घालवला, तोही अगदी विद्यार्थ्याला शोभेल अशा चुकीनं. कॉलेजच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बाटल्या होत्या, सवयीनं मी दोन अळ्या त्यात टाकल्या. फॉर्मॅलिन शरीराचा आकार छान टिकवतं, पण डीएनएला चिकटून त्याची वाट लावतं. तुम्हाला कधी नमुना ठेवायचा झाला तर शुद्ध इथाइल अल्कोहोल वापरा. तेही नसेल तर नमुना सुकवून ठेवलेला बरा.

उरलेल्या चार अळ्या मी पानं घालून वाढवल्या. थेट अळीच का नाही वापरली? कारण अळीचं पोट म्हणजे संत्र्याच्या पानांनी भरलेलं पोतं. पानांनाही स्वतःच्या मायटोकाँड्रिया असतात, वर हरितलवकांचा डीएनए वेगळा. सगळं एकत्र वाटलं तर फुलपाखरू कोणतं आणि संत्रं कोणतं, हे निवडत बसा! कोष होऊन फुलपाखरू बाहेर आलं की त्याच्या छातीचा स्नायू घ्यायचा. पंख हलवणारा तो स्नायू, ऊर्जेची सगळ्यात जास्त गरज त्यालाच. म्हणून तिथे मायटोकाँड्रिया ठासून भरलेल्या. नुसता एक पाय घेतला तरी चालतो, आणि फुलपाखरू मारायचं नसेल तर बरेच अभ्यासक पायच घेतात. हे सगळं शेतातल्या, नर्सरीतल्या किडीबद्दल. मेळघाटात किंवा कुठल्याही संरक्षित जंगलात जाळी घेऊन फिरायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी.

पुढचं काम स्वयंपाकासारखंच. स्नायूचा कण बारीक करायचा, प्रथिनं कुरतडणारं विकर घालून तो ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचा, मग गाळणीसारख्या बारीक नळीतून फिरवून डीएनए तेवढा अडकवायचा आणि शेवटी थोड्या पाण्यात सोडवून घ्यायचा. हाती येतो तो पाण्याचा एक थेंब. दिसायला त्यात काहीच नसतं. तो थेंब वाचायला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. तालुक्याच्या कॉलेजात तसलं यंत्र नाही, आणि मला विचाराल तर त्याची गरजही नाही. एक थेंब कुरियरनं जातो, यंत्र कुरियरनं येत नाही.

यंत्र वाचतं कसं, ते थोडक्यात. डीएनएचे बारीक तुकडे करून ते काचेवर चिकटवतात. प्रत्येक तुकड्यासमोर एक एक जोडीदार अक्षर बसवत जातात. अक्षर बसलं की त्याच्या रंगाचा उजेड पडतो आणि यंत्र फोटो काढतं. असे फोटो ओळीनं लावले की तुकडा वाचून झाला. पण एका तुकड्यातून वाचली जातात ती साधारण १५० अक्षरं. बांगडी आहे १५,००० ची. मग बांगडी जोडायची कशी?

इथे मामांच्या गावचा भोंगा कामाला आला. सप्ताहात देवळाच्या भोंग्यावर रात्रभर एकच कॅसेट लावलेली असते. संपली की पुन्हा सुरू. समजा तुम्हाला ती कॅसेट कधीच सलग ऐकायला मिळाली नाही. शिवारात विखुरलेल्या हजारभर लोकांना वाऱ्यानं जेवढं कानावर आलं तेवढं, म्हणजे चार-पाच शब्द, प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून दिलं. आता चिठ्ठ्या लावत बसा. एकीचे शेवटचे दोन शब्द दुसरीच्या पहिल्या दोन शब्दांशी जुळले की दोन्ही चिकटवा. तिला तिसरी, तिला चौथी. असं करता करता एक वेळ अशी येते की शेवटची चिठ्ठी पहिलीशीच जुळते. कॅसेट फिरून सुरुवातीला आली. मायटोकाँड्रियाची बांगडी पूर्ण झाली हे कळतं ते याच खुणेनं: दोन टोकांची अक्षरं एकमेकांवर बसतात.

कुणी 'माउली' ऐवजी 'मावशी' ऐकलं असेल तर? त्याच जागेवरच्या दुसऱ्या पन्नास चिठ्ठ्या 'माउली' म्हणतात, म्हणून ती एक चूक गळून पडते. एक अक्षर किती वेळा वाचलं गेलं याला खोली म्हणतात. मायटोकाँड्रियाचं वाचन सोपं आणि स्वस्त पडतं ते याच खोलीमुळे. एका पेशीत केंद्रकाच्या दप्तराच्या दोनच प्रती असतात, या वहीच्या शेकडो-हजारो. थेंबातलं सगळं वरवर वाचलं, मोठं दप्तर धड एकदाही पूर्ण झालं नाही, तरी वही शंभर शंभर वेळा वाचून होते. माणसाची ही बांगडी १९८१ साली केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण वाचली गेली, १६,५६९ अक्षरांची. तेव्हा त्या कामाला नावाजलेल्या शास्त्रज्ञांची अख्खी तुकडी लागली होती. आता चिठ्ठ्या जुळवायचं काम माझा लॅपटॉप एका दुपारीत करतो, मध्ये लाइट गेली नाही तर.

बांगडी जोडली की त्यात काय काय आहे ते ओळखायचं. एकूण ३७ जनुकं. त्यातली १३ प्रथिनं बनवतात, २२ माल वाहणारी हमाल मंडळी, म्हणजे ट्रान्सफर आरएनए, आणि २ प्रथिनांच्या कारखान्याचे भाग. यातल्या बहुतेक गोष्टी सॉफ्टवेअर आपोआप शोधतं. पण त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, हा मायटोकाँड्रिया आहे आणि तोही अळी-किड्याचा. कारण इथली बोली वेगळी. पुण्यात 'सांबार' म्हटलं की लोक इडली शोधतात, आणि आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. शब्द तोच, अर्थ निराळा. डीएनएतही तसंच. टी-जी-ए ही तीन अक्षरं केंद्रकाच्या भाषेत 'थांबा' असं सांगतात; मायटोकाँड्रियाच्या बोलीत त्यांचा अर्थ होतो, ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लावा. हे सांगायचं विसरलात तर सॉफ्टवेअर प्रत्येक जनुक मध्येच तोडून ठेवतं, आणि आपलं फुलपाखरू जिवंत कसं होतं असा प्रश्न पडतो. त्यात फुलपाखरांचा आणखी एक चाळा: सीओआय नावाचं जनुक सहसा असतं तशा ए-टी-जी नं सुरू न होता सी-जी-ए नं सुरू होतं. ते हातानंच दुरुस्त करावं लागतं.

जनुकांचा क्रमही पाहण्यासारखा असतो. बहुतेक कीटकांत तीन हमाल, आय, क्यू आणि एम, याच क्रमानं उभे असतात. फुलपाखरांत आणि बहुतेक पतंगांत एम उठून पहिल्या पाटावर जाऊन बसलाय: एम, आय, क्यू. हेपियालिडी नावाचं पतंगांचं एक जुनं घराणं आहे, त्यात मात्र जुनीच पंगत टिकून आहे. म्हणजे ही पाटबदली त्या घराण्याची वाट वेगळी झाल्यावर कधीतरी घडली. अक्षरं झिजतात, बदलतात. पण अशी बसण्याची जागा कोट्यवधी वर्षं तशीच राहते. मला स्वतःला या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात आवडतो, आणि तो कुणाच्याच उपयोगाचा नाही.

उपयोगाचं हवं असेल तर सीओआयकडे या. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट यांनी सुचवलं की या एका जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा ठरलेला तुकडा प्रत्येक जातीसाठी वाचून ठेवावा. दुकानातल्या मालावर पट्ट्या-पट्ट्यांची खूण असते तसा. एका जातीच्या फुलपाखरांत तो तुकडा जवळपास सारखा असतो, दुसऱ्या जातीत बहुधा शेकड्याला दोन-तीन अक्षरं तरी वेगळी. मामांच्या नर्सरीत याचा सरळ फायदा दिसतो. त्याच पानांवर आणखी एका फुलपाखराच्या अळ्या असतात, कॉमन मॉर्मन ऊर्फ पॅपिलिओ पॉलिटेस. दोघांच्याही लहान अळ्या शिटेसारख्याच, अंडीही गोल पिवळसर. नुसत्या डोळ्यानं मी चुकतो. पण एक अंडं किंवा वाळलेली कात मिळाली तरी तुकडा वाचून नाव सांगता येतं.

आणि नावासोबत पत्ताही. आमच्या या साध्या अळीनं एक मोठा प्रवास केलाय. २००४ साली ती कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडली, जिथे ती पूर्वी नव्हतीच. संत्र्या-लिंबाच्या बागांचा प्रश्न, तेव्हा लगेच चौकशी सुरू झाली: ही आली कुठून? भारतातून, आग्नेय आशियातून, की ऑस्ट्रेलियातून? ऑस्ट्रेलियातली डेमोलिअस लिंबाला फारशी तोंड लावत नाही, ती बावचीच्या जातकुळीतली झुडपं खाते. मायटोकाँड्रियाची अक्षरं ठिकठिकाणच्या नमुन्यांशी ताडून पाहिली गेली. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात बोट आग्नेय आशियाकडे वळलं. मामांना हे ऐकून बरं वाटलं. "म्हंजे आपली नोहे ना ती?"

आपली नव्हे. निदान आईच्या बाजूनं तरी नव्हे. आणि नेमकी हीच वहीची मर्यादा.

कॉमन मॉर्मनचंच घ्या. त्याच्या माद्या बहुरूपी. काही नरासारख्या काळ्या-पांढऱ्या, काही कॉमन रोज या विषारी फुलपाखराची नक्कल करणाऱ्या, काही क्रिमझन रोजची. एकाच बागेत तिन्ही दिसल्या तर तीन जाती आहेत असं वाटावं. वही उघडली तर ती म्हणते, सगळ्या एकाच घरातल्या. बरोबरच आहे. पण कोणत्या मादीनं कोणतं रूप घ्यायचं, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही. ते केंद्रकाच्या मोठ्या दप्तरात, डबलसेक्स नावाच्या जनुकात लिहिलेलं असतं. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ते दाखवून दिलं. बापाकडून काय आलं, दोन जातींचा संकर झाला का, कीटकनाशकाला दाद न देण्याचा गुण कुठून आला, असले बहुतेक प्रश्न या वहीच्या बाहेरचे.

कधी कधी वही चक्क फसवतेही. वोल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांच्या पेशीत राहतो आणि तोही आईकडूनच लेकरांत जातो. सामोआ बेटांवर ग्रेट एगफ्लाय फुलपाखरांत त्यानं नर भ्रूण इतके मारले, की २००१ साली नर शेकड्याला एकच उरला होता. पाचेक वर्षांत जिवाणूला रोखणारा गुण पसरला आणि नर परत वाढले. तेच फुलपाखरू आपल्याकडेही परसात येतं. असा जिवाणू एका मादीच्या वंशासोबत पसरला की तिची वहीही सोबत पसरते, आणि सगळा मुलूख एकाच आजीचा असल्यासारखा दिसतो. दुसरी फसवणूक म्हणजे जुन्या झेरॉक्स. वहीतली काही पानं कधीकाळी केंद्रकाच्या दप्तरात जाऊन चिकटलेली असतात. ती तिथे नुसती पडून सडतात, आणि आपण खरं पान समजून तीच वाचतो. ओळखायची खूण: प्रथिनाच्या जनुकात मध्येच 'थांबा' आलं तर संशय घ्यावा. म्हणून एक तुकडा वाचण्यापेक्षा अख्खी बांगडी जोडलेली बरी. झेरॉक्सचं पान बांगडीत सहसा नीट बसत नाही.

आमची बांगडी जुळली. १५,००० हून थोडी जास्त, ३७ जनुकं, शंभरातली ऐंशीच्या आसपास अक्षरं ए आणि टी, जशी फुलपाखरांत असतात तशी. एकच जागा अडून बसलीय. बांगडीत जनुक नसलेला एक पट्टा असतो, नियंत्रणाचा. तिथे ए-टी-ए-जी-ए या खुणेनंतर टी-टी-टी-टी अशी रांग लागते. भोंग्यावर भजन संपताना 'विठ्ठल विठ्ठल' चा गजर चालतो ना, तसंच. शब्द सगळ्यांनी बरोबर ऐकला, पण किती वेळा म्हटला यावर चिठ्ठ्यांचं एकमत नाही. निम्म्या म्हणतात १८, निम्म्या १९. एकाच अक्षराची लांब रांग आली की प्रती काढतानाच घसरगुंडी होते आणि एखादं अक्षर कमी-जास्त पडतं.

मामांना सांगितलं तेव्हा ते कलमांच्या जुड्या मोजत होते. हात न थांबवता म्हणाले, "कलमं मोजाले आमी दोघं बसतो. दोघायचं जमलं नाई त तिसऱ्याले बसवतो." मग उठले, जंभेरीच्या वाफ्यात गेले आणि एक फांदी घेऊन आले. तिच्यावर तीन ठिपके होते. एक सरकत होता.